व्हॅलेटा: भूमध्य समुद्रातल्या तटबंद शहराच्या बांधकामाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माल्टाची राजधानी व्हॅलेटा पाहायला निघालेले प्रवासी, वास्तुकलेचे विद्यार्थी आणि गडकिल्ल्यांवर जीव असलेली मंडळी नेहमी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. एक सूत्र आधीच सांगून ठेवतो: या शहरात जे खणलं तेच रचलं. खंदकातून निघालेला दगड तटाला गेला, घराखालून निघालेला दगड घराच्या भिंतीला लागला आणि मागे राहिलेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठवलं. हे ध्यानात ठेवून फिरलात तर शहराचा बराचसा उलगडा उभ्या उभ्या होतो.

व्हॅलेटा नेमकं कुठे आहे आणि केवढं आहे?

सिसिलीच्या दक्षिणेला नव्वदेक किलोमीटरवर माल्टा बेट आहे. त्याच्या ईशान्य किनाऱ्यावर शिबेरास नावाची डोंगरसोंड समुद्रात शिरली आहे. सोंडेच्या एका अंगाला ग्रँड हार्बर, दुसऱ्या अंगाला मार्सामशेट, अशी दोन खोल नैसर्गिक बंदरं. या सोंडेवर शहर वसलं आहे. लांबी साधारण एक किलोमीटर, रुंदी सहाशे मीटरच्या आसपास. १९८० साली युनेस्कोनं ते जागतिक वारसा यादीत घेतलं, तेव्हा ५५ हेक्टरमध्ये ३२० वास्तू मोजल्या होत्या. दाटी किती आहे याचा अंदाज यावरून येईल.

एवढ्याशा शहराला इतका प्रचंड तट कशाला?

१५६५ च्या वेढ्यामुळे. सेंट जॉनच्या सरदारांचा संघ, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांची संघटना, ऱ्होड्स बेट गमावून १५३० मध्ये माल्टात आला आणि ग्रँड हार्बरच्या पलीकडच्या काठावर, बिर्गू गावात राहिला. शिबेरासच्या टोकाला त्यांनी १५५२ मध्ये सेंट एल्मो हा चांदणीच्या आकाराचा किल्ला बांधला, पण मागची उंच सोंड मोकळी सोडली. मे १५६५ मध्ये ऑटोमन (तुर्की) फौज उतरली आणि तिनं तोफा चढवल्या त्या नेमक्या याच सोंडेवर. तिथून सेंट एल्मोवर थेट मारा झाला आणि २३ जूनला किल्ला पडला. मग त्याच उंचीवरून बिर्गूवरही गोळे पडू लागले. ८ सप्टेंबरला सिसिलीहून आलेल्या कुमकेमुळे वेढा उठला.

जो शिबेरास धरेल तो दोन्ही बंदरं धरेल, हे त्या चार महिन्यांत सिद्ध झालं. म्हणून संघप्रमुख ज्याँ द व्हालेत यांनी अख्खी सोंडच तटात घ्यायचं ठरवलं. २८ मार्च १५६६ रोजी पायाचा दगड बसला. शहराला त्यांचंच नाव आहे. ते स्वतः १५६८ मध्ये वारले, त्यामुळे पुरं झालेलं शहर त्यांना पाहायला मिळालं नाही.

आराखडा कोणाचा?

फ्रान्चेस्को लापारेल्ली यांचा. हे इटलीतल्या कोर्तोनाचे लष्करी स्थापत्यकार, पोपनं पाठवलेले. तटाची रेषा आणि रस्त्यांची चौकट त्यांनी आखली. पुढे ते माल्टा सोडून गेले आणि १५७० मध्ये क्रीटमध्ये वारले. काम हाती घेतलं त्यांच्या माल्टीज मदतनिसानं, जिरोलामो कासार यांनी. संघप्रमुखांचा राजवाडा, सेंट जॉन्सचं मुख्य चर्च आणि सरदारांची निवासस्थानं ही कासार यांची कामं. मार्च १५७१ मध्ये संघ बिर्गूहून इथे राहायला आला, म्हणजे पायाचा दगड बसल्यावर पाच वर्षांत. तेव्हा तट बराचसा उभा होता, घरं मात्र अजून चढत होती. आधी तट, मग रस्ते, मग घरं हा क्रम मुद्दाम ठेवलेला होता, कारण ऑटोमन आरमार परत येईल ही भीती खरी होती.

बुरूज टोकदार का? गोल का नाहीत?

गोल बुरुजाच्या पोटाशी एक जागा अशी उरते, जिथे शेजारच्या बुरुजावरची तोफ किंवा बंदूक पोचत नाही. शत्रू तिथे बिलगला की सुरुंग खणायला मोकळा. सोळाव्या शतकातल्या इटालियन स्थापत्यकारांनी यावर भूमितीनं तोड काढली: बुरूज पंचकोनी करायचा, त्याच्या पुढच्या दोन बाजू अशा कोनात ठेवायच्या की शेजारच्या बुरुजाच्या बगलेतल्या तोफा त्या बाजूंना समांतर मारा करू शकतील. मग तटाचा एकही हात असा राहत नाही, जो कोणाच्या तरी माऱ्यात नाही.

व्हॅलेटाच्या जमिनीकडच्या बाजूला असे चार बुरूज आहेत: सेंट मायकल, सेंट जॉन, सेंट जेम्स आणि सेंट पीटर व पॉल. शहराचं दार मधल्या दोघांच्या बेचक्यात आहे. बुरुजाचं पुढचं टोक सोडून त्याच्या बगलेकडे पाहा. तिथे मागे सरकलेला, एका गोलसर खांद्याआड झाकलेला कोनाडा दिसेल. समोरून येणाऱ्या गोळ्यांपासून लपलेली आणि शेजाऱ्याचं अंग झाडून काढणारी तोफ तिथे असायची. बुरुजाचा खरा जीव तिथे आहे.

तट तिरकाही आहे, वर जाताना आत झुकलेला. त्यानं मागच्या भरावाचा रेटा पेलला जातो आणि समोरून येणारा गोळा काहीसा घसरतो.

कॅव्हॅलियर म्हणजे काय?

बुरुजाच्या मागे, त्याच्याहून उंच बांधलेला तोफांचा चौथरा. पुढच्या बुरुजावरच्या सैनिकांच्या डोक्यावरून दूरवर मारा करायचा, आणि बुरूज पडलाच तर त्यात शिरलेल्या शत्रूला वरून भाजून काढायचं, ही त्याची दोन कामं. लापारेल्लींच्या योजनेत नऊ कॅव्हॅलियर होते, बांधले गेले दोन. सेंट जेम्स कॅव्हॅलियरमध्ये २००० सालापासून कलाकेंद्र आहे, त्यामुळे आत जाऊन भिंतींची जाडी स्वतः पाहता येते. सेंट जॉन कॅव्हॅलियरमध्ये आज त्याच जुन्या संघाचा दूतावास आहे.

खंदक खणला की बांधला?

खणला, अखंड खडकात, एका बंदरापासून दुसऱ्या बंदराच्या दिशेनं सोंड आडवी कापत. शहराच्या दारासमोरच्या पुलावर उभं राहून खाली बघा. तटाचा खालचा भाग रचलेला नसून तासलेला आहे. वर चिऱ्यांच्या आडव्या रेषा सुरू होतात, त्याखाली छिन्नीचे घाव असलेला सलग कातळ. कातळ कुठे संपतो आणि बांधकाम कुठे सुरू होतं ती रेघ शोधायला दोन मिनिटं द्या. ती सरळ नाही. खडकाच्या उंचसखलपणाप्रमाणे वरखाली होते.

याचे दोन फायदे. तटाचा दगड तटाच्या पायथ्याशीच मिळाला, वाहतूक जवळपास वाचली. आणि मातीत जसा भराभर सुरुंग खणता येतो तसा इथे येत नाही.

पुढे १६३० च्या दशकात पिएत्रो पाओलो फ्लोरियानी यांनी याही पुढे तटाची आणखी एक रांग आखली, कारण तोफांचा पल्ला वाढला होता. दोन तटांमधल्या जागेत वसलेलं गाव म्हणजे आजचं फ्लोरियाना. तिथे सेंट पब्लियस चर्चसमोरच्या मैदानात दगडी गोल झाकणांच्या रांगा दिसतात. ती खडकात खोदलेली धान्याची पेवं आहेत: तोंड अरुंद, पोट घंटेसारखं रुंद, वर जड दगडी झाकण. वेढा पडला तर महिनोन्‌महिने पुरेल इतका गहू त्यांत राहायचा.

रस्ते फूटपट्टीनं आखल्यासारखे सरळ आहेत, मग मध्येच पायऱ्या का?

मूळ विचार सोंडेचा माथा छाटून सपाट करायचा होता. वेळ आणि पैसा दोन्ही अपुरे पडले आणि ते काम अर्ध्यात सोडलं. चौकट मात्र तशीच ठेवली, म्हणून चढाउतारांवर सरळ रेषा लादली गेली आणि जिथे उतार फारच उभा होता तिथे पायऱ्या आल्या. सेंट उर्सुला आणि सेंट लुसिया रस्त्यांवर हे ठळक दिसतं. पायऱ्या उंचीला कमी आणि पावलाला रुंद आहेत.

सरळ रस्त्यांचा उपयोग लष्करीही होता: फौज आणि तोफा एका तटावरून दुसऱ्याकडे पटकन हलवता येतात. आणि दोन्ही टोकं समुद्राकडे उघडी राहिल्यानं वारा आरपार जातो. उन्हाळ्यात दुपारी आडव्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहिलात की फरक अंगाला कळतो.

मँडरेजिओ ही काय भानगड आहे?

मार्सामशेटच्या बाजूला गलबतांसाठी आतलं, सुरक्षित बंदर खोदायचं होतं. तिथून बांधकामाचा दगड निघणार होता आणि खड्ड्यात समुद्र घ्यायचा होता. दगड काढला, पण बंदर पूर्ण झालं नाही. त्या खड्ड्यात गरिबांची वस्ती झाली, शतकानुशतकं दाट आणि कोंदट. दुसऱ्या महायुद्धानंतर ती हटवून तिथे नवी घरं बांधली. आज तिथे गेलात तर रस्ता एकदम खाली उतरतो. तो उतार जुन्या खाणीचा आहे.

सगळं शहर मधाच्या रंगाचं का दिसतं?

कारण सगळं एकाच दगडाचं आहे: ग्लोबिजेरिना चुनखडक. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावर सूक्ष्म जीवांच्या कवचांचे थर साचून तो झाला. त्यातला चांगला, बांधकामाचा दगड म्हणजे 'फ्रांका'. खाणीतून ताजा निघाला की तो करवतीनं कापता येतो, रंध्यानं तासता येतो, पटाशीनं कोरता येतो. हवेत राहिल्यावर ओल निघून जाते आणि पृष्ठभागावर कठीण साल धरते. कोकण-गोव्याच्या वाचकांना हे नवं वाटणार नाही. जांभ्याचा चिराही खाणीत मऊ असतो आणि वाऱ्याउन्हात कडक होतो.

फ्रांकाची सच्छिद्रता मात्र फार, शंभर भागांत तीस ते चाळीस भाग पोकळी. त्यामुळे तो पाणी ओढतो. म्हणून उंबरे, जोती, समुद्राच्या माऱ्यातला तट अशा जागी जाणकार गवंडी दुसरा, कठीण कोरलाइन चुनखडक वापरत. तो घडवायला कष्टाचा, पण टिकतो.

'सोल' नावाचा आणखी एक प्रकार आहे. ताजा असताना तो फ्रांकासारखाच दिसतो आणि काही वर्षांत झडू लागतो. एकाच भिंतीत एक दगड शाबूत आणि शेजारचा खंगलेला दिसला, तर बहुधा तिथे सोल लागलेला असतो.

जुन्या घराची भिंत आणि छत कसं बांधत?

भिंत दोन पदरी. बाहेर एक चिऱ्यांची भिंत, आत दुसरी, मधल्या पोकळीत दगडाची कपची आणि चुनामाती. ठराविक अंतरानं एक लांब दगड आडवा, दोन्ही पदर शिवणारा. एकूण जाडी दोन-अडीच फूट. एका थराची उंची जुन्या मापानं एक 'शिबेर', म्हणजे एक वीत, साधारण २६ सेंटिमीटर. आठ शिबेर म्हणजे एक कासबा, साधारण २ मीटर १० सेंटिमीटर. दर्शनी भिंतीचे थर मोजून तुम्ही खालूनच घराची उंची काढू शकता.

छत हे खरं कसब. बेटावर इमारती लाकूड जवळजवळ नाही. ते आयात करावं लागे, म्हणून महाग. त्यामुळे छतही दगडाचंच. दोन-तीन इंच जाडीच्या दगडी फळ्या, ज्यांना 'शोरोक' म्हणतात, जवळजवळ मांडलेल्या तुळयांवर किंवा दगडी कमानींवर टेकवायच्या. फळीची लांबी जेमतेम दीड मीटर, म्हणून तुळया किंवा कमानींमधलं अंतरही तेवढंच. भिंतीतून पुढे काढलेले तोडे हे अंतर आणखी कमी करतात. जुन्या घरात खोली अरुंद आणि लांब का, किंवा मध्ये कमानीमागून कमान का, याचं उत्तर या फळीच्या लांबीत आहे.

फळ्यांवर दगडाच्या बारीक कपचीचा थर, त्यावर चुनखडीच्या भुकटीचा थर, आणि सगळ्यांत वर 'देफ्फून': चुना आणि कुटलेली मातीची भांडी. आपल्याकडचा सुरखी-चुन्याचा कोबा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा ओळखीचा वाटेल. तो ओला ठेवून लाकडी थापीनं बडवत बसवत. हलका उतार पन्हळीकडे. बडवणं कमी पडलं किंवा थर भरभर सुकला की केसासारखे तडे जातात आणि पाणी थेट फळ्यांत उतरतं. छताची दरसाल पाहणी करून तडे भरणं हे घरमालकाचं नेहमीचं काम होतं.

पाणी कुठून यायचं?

पावसातून. १५६९ च्या बांधकाम नियमांनी प्रत्येक घराला खडकात खोदलेलं टाकं सक्तीचं केलं. सांडपाण्यासाठी भुयारी गटारंही सुरुवातीपासून आखलेली होती. सोळाव्या शतकातल्या युरोपात ही फार पुढची गोष्ट होती, आणि आमच्या मते व्हॅलेटाचं मोठेपण राजवाड्यांपेक्षा इथे जास्त आहे.

हिशेब करून पाहा. माल्टात वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईच्या चौथाईइतकाही नाही. शंभर चौरस मीटर छतावर वर्षभरात पडतं ५५ हजार लिटर. बाष्पीभवन आणि पहिल्या पावसाचं धुवण वजा जाता हाती लागतं त्याहून कमी. म्हणून छतावरचा एकेक थेंब पन्हळीतून, मातीच्या नळीतून टाक्यात जायचा. टाक्याचा गिलावाही सुरखी-चुन्याचा, कारण उघडा फ्रांका पाणी पिऊन टाकतो. रायगड-राजगडावरची खोदीव टाकी ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ही पद्धत समजावून सांगायला नको. फरक इतकाच की इथे ती घरोघरी, चौकाखाली आहेत.

लोकसंख्या वाढली तसं हे अपुरं पडू लागलं. संघप्रमुख विन्याकूर यांच्या काळात बेटाच्या उंच पश्चिम भागातल्या झऱ्यांपासून पंधराएक किलोमीटरचा जलमार्ग बांधून १६१५ मध्ये पाणी राजवाड्यासमोरच्या चौकात आणलं. त्याच्या कमानी आजही शहराबाहेर, बिर्किरकाराच्या रस्त्यालगत उभ्या आहेत.

लाकडी बंदिस्त बाल्कन्या मूळच्या आहेत का?

मूळच्या नाहीत. सुरुवातीच्या नियमांत रस्त्यावर काही पुढे काढायला मनाईच होती आणि कासार यांच्या काळातल्या दर्शनी भिंती सपाट, कडक आहेत. बंदिस्त बाल्कनी, 'गल्लारिया', अठराव्या शतकात पसरली. राजवाड्याच्या कोपऱ्याला वळसा घालणारी लांब बाल्कनी सुरुवातीच्यांपैकी मानतात.

रचना सोपी: भिंतीतून काढलेले कोरीव दगडी तोडे, त्यांवर दगडी लादी, लादीवर लाकडी चौकट आणि काचेची तावदानं. बिघाडही ठरलेला. लादी आणि लाकडाच्या सांध्यात पाणी थांबतं आणि चौकटीचा खालचा आडवा दांडा आधी कुजतो. वरून रंग कोरा असला तरी तिथे पटाशीचं टोक सहज आत जातं. दुरुस्त करताना तेवढाच दांडा बदलावा. पूर्ण चौकट काढून टाकायची गरज क्वचित पडते. तोड्यात कधी लोखंडी सळई घातलेली असेल तर ती गंजून फुगते आणि दगड उभा चिरते. ते धोक्याचं, खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर येतं.

कोपऱ्याकोपऱ्यावर संतांच्या मूर्ती का?

घराचा कोपरा सजवायचा, हा नियम १५६९ पासूनचा. त्यातून मूर्तींचे कोनाडे आले. रात्री त्यांच्यापुढे दिवा लावत, त्यामुळे चौकात उजेडही राहायचा.

सेंट जॉन्स चर्च बाहेरून इतकं रुक्ष आणि आतून इतकं झगमगीत कसं?

दोन वेगळ्या काळांची कामं आहेत ती. कासार यांनी ते १५७० च्या दशकात बांधलं, तेव्हा वेढ्याची आठवण ताजी होती. बाहेरचा भाग किल्ल्याच्याच वळणाचा: दोन मनोरे, साधे स्तंभ, कोरीवकाम नावापुरतं. आतलं रूप सतराव्या शतकातलं. मात्तिआ प्रेती यांनी १६६१ ते १६६६ या काळात छताच्या कमानीवर सेंट जॉनच्या आयुष्यातले प्रसंग रंगवले, तेही ओल्या गिलाव्यावर न रंगवता थेट दगडावर, तेल पाजून, तैलरंगात. भिंतींवरचं कोरीवकाम चिकटवलेलं नाही. जागच्या जागी फ्रांकातच कोरून त्यावर सोन्याचा वर्ख चढवला आहे. खांबाजवळ उभं राहून तिरप्या उजेडात पाहिलंत तर पानाफुलांची मुळं भिंतीच्या दगडातच गेलेली दिसतात.

जमिनीवर सरदारांच्या सुमारे चारशे थडग्यांवर रंगीत संगमरवराच्या जडावाच्या शिळा आहेत. उंच, टोकदार टाचांचे बूट घालून आत सोडत नाहीत ते यासाठीच. शेजारच्या प्रार्थनागृहात काराव्हाज्जोचं १६०८ चं 'सेंट जॉनचा शिरच्छेद' हे चित्र आहे.

'ऑबेर्ज' म्हणजे धर्मशाळा का?

त्याहून जास्त. संघातले सरदार भाषेप्रमाणे विभागलेले होते आणि प्रत्येक गटाचं एक सामाईक निवासस्थान असे. त्यांतलं आरागॉनचं ऑबेर्ज कासार यांच्या मूळ, साध्या रूपाच्या जवळचं आहे. कास्तीयचं १७४० च्या दशकात नव्यानं बांधलं. तिथे आज पंतप्रधानांचं कार्यालय आहे. प्रोव्हान्सच्या इमारतीत पुरातत्त्व संग्रहालय आणि इटलीच्या इमारतीत राष्ट्रीय कलासंग्रहालय आहे. जर्मनीचं १८३९ मध्ये पाडून अँग्लिकन चर्च उभं केलं. ओव्हेर्न्य आणि फ्रान्सची दोन्ही ऑबेर्ज दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबवर्षावात गेली.

दूरवरून दिसणारा तो घुमट आणि सुळका सरदारांच्या काळातला ना?

दोन्ही नाहीत. सुळका अँग्लिकन चर्चचा, १८४४ चा. घुमट कार्मेलाइट चर्चचा, महायुद्धात जुनं चर्च निकामी झाल्यावर १९५८ नंतर बांधलेला. छायाचित्रांत व्हॅलेटाची ओळख झालेली ही आकाशरेषा विसाव्या शतकात पुरी झाली. सरदारांच्या काळात शहर याहून बुटकं आणि सपाट दिसायचं, कारण उंच मनोरा म्हणजे शत्रूच्या तोफेला आयतं लक्ष्य.

शहराच्या दाराशी एकदम आधुनिक इमारत कशी?

इटालियन वास्तुकार रेन्झो पियानो यांचं काम. दार, संसद भवन आणि उघडं नाट्यगृह असा एकच प्रकल्प, २०१५ पर्यंत पुरा झालेला. हे त्या जागेवरचं पाचवं दार. आधीचं १९६० च्या दशकातलं होतं, रुंद आणि बोजड. नव्या रचनेनं तटातली खिंड पुन्हा अरुंद केली, पूल बारीक केला आणि दोन्ही बाजूंनी खंदक उघडा पडला. संसदेचा दगड गोझो बेटाचा. यंत्रानं कोरून पोलादी सांगाड्यावर टांगलेला, प्रत्येक दगडाचा कोन उन्हाच्या दिशेप्रमाणे. शेजारी १८६६ च्या ऑपेरा हाउसचे अवशेष आहेत. ते ७ एप्रिल १९४२ ला बाँबनं पडलं. उरलेल्या स्तंभांमध्येच उघडं नाट्यगृह बसवलं आहे. या प्रकल्पावर माल्टात कडाडून वाद झाला. आमचं मत विचाराल तर खंदक पुन्हा दिसू लागला एवढ्यासाठीच हे काम योग्य ठरतं.

काही भिंतींना मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडली आहेत, ती कशानं?

लोणा लागून, म्हणजे मिठानं. समुद्राचे तुषार आणि जमिनीतली ओल यांबरोबर मीठ दगडात शिरतं. पाणी उडून जातं, मिठाचे स्फटिक छिद्रांत वाढतात आणि दगड आतून फोडतात. ओलं-कोरडं हे चक्र जितक्या वेळा फिरेल तितकी झीज. भिंतीच्या खालच्या दोन-तीन थरांत आणि वाऱ्याच्या तोंडावरच्या कोपऱ्यांत ती सर्वांत जास्त.

विसाव्या शतकात लोकांनी यावर सिमेंट लावलं, आणि रोग बळावला. सिमेंटच्या दर्जेतून, म्हणजे दोन दगडांमधल्या भरलेल्या सांध्यातून, ओल बाहेर पडत नाही, ती दगडातून वाट काढते आणि मीठही तिथेच साचवते. अशा भिंतीत दगड दोन-तीन इंच आत गेलेला आणि सिमेंटच्या दर्जा पिंजऱ्याच्या गजांसारख्या पुढे राहिलेल्या दिसतात.

मग योग्य दुरुस्ती कशी करतात?

आधी पाणी थांबवायचं: छत, पन्हळ, फुटकी नळी, तुंबलेलं टाकं. हे न करता भिंतीला हात लावला तर सगळं वाया. मग सिमेंट काढायचं, छोट्या छिन्नीनं, हातानं; यंत्रानं काढलं तर दगडाच्या कडा उडतात. सुटं मीठ कोरड्या मऊ ब्रशनं झाडायचं, पाण्यानं धुवायचं नाही, नाहीतर ते पुन्हा आत जातं. नंतर कागदाचा लगदा किंवा चिकणमाती शुद्ध पाण्यात भिजवून भिंतीवर लेप द्यायचा. लेप सुकताना मीठ ओढून घेतो. तो उतरवून पुन्हा दुसरा, असं मिठाचं प्रमाण उतरेपर्यंत. मगच चुन्याच्या मसाल्यानं दर्जा भरायच्या, आणि मसाला दगडाहून नरम ठेवायचा, म्हणजे झीज मसाल्याची होईल.

दगड फारच खंगला असेल तर तेवढाच काढून नवा बसवतात. तो फ्रांकाच असावा आणि खाणीत ज्या बाजूवर निजलेला होता त्याच बाजूवर भिंतीत निजवावा. उभा लावला तर पापुद्रे सुटतात. वरून सिलिकॉनसारखा चकचकीत थर देऊ नये. आत अडकलेलं मीठ काही वर्षांत तो थर दगडाच्या सालीसकट सोडवून टाकतं.

ब्रिटिश काळात छताला लाकडाऐवजी लोखंडी तुळया आल्या. त्या गंजल्या की फुगतात आणि वरच्या फळ्या चिरतात. खोलीच्या छतावर तुळईच्या रेषेत तपकिरी डाग दिसला की रंग मारून झाकू नका. फळी खाली यायची वेळ जवळ आलेली असते.

महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

बांधकामाच्या घराण्याचा आहे. वसई, दीव, दमण इथल्या पोर्तुगीज किल्ल्यांचे कोनदार बुरूज याच इटालियन पद्धतीचे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं वसई घेतली ती सेंट सेबॅस्टियन बुरुजाला सुरुंग लावून. सुरुंग हाच या भूमितीचा कच्चा दुवा, आणि व्हॅलेटाचा तट कातळातच कोरण्यामागचा हेतू वसईच्या बुरुजासमोर उभं राहिलं की नीट कळतो. दुसरा दुवा १८७८ चा: रशिया-तुर्कस्तान तणावात ब्रिटिशांनी सुमारे सात हजार भारतीय सैनिक मुंबईहून माल्टात आणले होते.

एका दिवसात काय आणि कोणत्या क्रमानं पाहावं?

सकाळी बिर्गूच्या काठावर जा; ग्रँड हार्बरकडच्या तटावर तेव्हा समोरून ऊन असतं. बोटीनं पलीकडे येऊन ५८ मीटर उंचीच्या लिफ्टनं अपर बराक्का बागेत चढा. बाराच्या ठोक्याला खालच्या तोफखान्यातून तोफ होते, ती पाहून शहराच्या दारावर या आणि पुलावरून खंदक बघा. नंतर सेंट जॉन्स. रविवारी ते पर्यटकांना बंद असतं. तिथून मर्चंट्स स्ट्रीटनं सेंट एल्मोपर्यंत चालत जा, आतल्या युद्ध संग्रहालयाला दीड-दोन तास ठेवा. दुपार कलल्यावर मार्सामशेटच्या बाजूनं बोट घेऊन स्लिमाला जा. मावळतीचं ऊन तेव्हा त्या अंगाच्या तटावर पडतं आणि फोटो तिथूनच चांगले येतात. तटाची बारकाईनं पाहणी करायची असेल तर दोन दिवस हवेत.

जाण्याआधी काय ध्यानात ठेवावं?

भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो. विमानतळ शहरापासून आठेक किलोमीटरवर आहे आणि बस थेट शहराच्या दाराबाहेर सोडते. विजेचा प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पायांचा. जुलै-ऑगस्टमध्ये दगड तापतो आणि रस्त्यांवर सावली थोडी, म्हणून ऑक्टोबर किंवा एप्रिल बरा. झिजून गुळगुळीत झालेल्या पायऱ्या पहिल्या पावसात फार घसरतात. रबरी तळव्याचे बूट घ्या. गुडघ्याचा त्रास असेल तर आडव्या गल्ल्या टाळून लांबीच्या रस्त्यांनी, दारापासून सेंट एल्मोकडे उताराच्या दिशेनं चाला आणि परत यायला बस घ्या.